रेशनकार्डावर बाबुराव, आधारवर बाबू: कोकणात सरकारी आरोग्य योजना वापरायची तर

गणपतीला आठ दिवस होते. पहाटे चारच्या सुमारास काकांच्या छातीत कळ आली. १०८ ला फोन केला, ग्रामीण रुग्णालयात ईसीजी झाला, तिथून पुढे मोठ्या हॉस्पिटलात. दुपारपर्यंत अँजिओग्राफी होऊन डॉक्टरांनी दोन ब्लॉक दाखवले. घरात केशरी रेशनकार्ड होतं, सगळ्यांची आधारकार्डं होती, म्हणून आम्ही निर्धास्त. हॉस्पिटलातलं योजनेचं टेबल सांभाळणाऱ्या आरोग्यमित्रानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मान हलवली. रेशनकार्डावर ‘बाबुराव’, आधारवर ‘बाबू’. जन्मसालात सहा वर्षांचा फरक. काकी पदराला हात पुसत मला विचारतात, “अरे, ह्यांका बाबूच म्हणतत मां सगळे?” आता ते कॉम्प्युटरला कोण सांगणार!

ते प्रकरण तीन दिवसांनी मार्गी लागलं. त्या तीन दिवसांत गाव ते हॉस्पिटल आणि हॉस्पिटल ते तहसील अशा फेऱ्या मारताना जे कळलं, ते आधी कळलं असतं तर एका सकाळचं काम होतं. त्यानंतर वाडीतल्या पंचवीसेक जणांची कार्डं मी सोबत बसून काढून दिली. प्रत्येकाच्या कागदांत काही ना काही चूक निघालीच. म्हणून हे लिहितोय. घरात सगळे धडधाकट असताना वाचा, कारण यातलं निम्मं काम दवाखान्यात गेल्यावर होत नाही.

१. योजना नेमकी कुठली, ते एकदा डोक्यात बसवा

लोक ‘जीवनदायी’ म्हणतात, ‘फुले योजना’ म्हणतात, ‘मोदींचं कार्ड’ म्हणतात, ‘पाच लाखवाली’ म्हणतात. घोळ इथूनच सुरू होतो.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. कोकणातलं रायगड त्यात होतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाला ती मिळाली २०१३ च्या नोव्हेंबरात, सगळ्या राज्याबरोबर. २०१७ मध्ये नाव बदलून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत आली आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना महाराष्ट्रात एकत्र चालू लागल्या. आता हॉस्पिटलात टेबल एकच, आरोग्यमित्र एकच. चालवते ती राज्य आरोग्य हमी सोसायटी.

मोठा बदल २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं झाला. तोवर फुले योजनेत मुख्यतः पिवळं, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि केशरी कार्डवाल्यांना लाभ होता आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. या निर्णयानं पांढरं कार्डही आत आलं आणि रक्कम पाच लाख झाली. प्रत्यक्षात ते १ जुलै २०२४ पासून लागू झालं. उपचारांची यादी ९९६ वरून १,३५६ झाली आणि २०२५ मध्ये ती २,३९९ पर्यंत वाढवायचं ठरलं. हृदय, यकृत, फुप्फुसाच्या प्रत्यारोपणासारख्या पाच लाखांत न बसणाऱ्या उपचारांसाठी वेगळा राखीव निधी ठेवायचंही तेव्हाच ठरलं.

याचा सरळ अर्थ असा की “आमचं पांढरं कार्ड, आम्हाला काही नाही” म्हणत गप्प बसलेले आमचे निवृत्त मास्तर, पोस्टमन, गिरणीतून परतलेले आजोबा हे सगळे आता योजनेत आहेत. त्यांच्यापर्यंत हे पोचलेलंच नाही. आमच्या शेजारच्या गुरुजींनी मोतीबिंदूनंतरच्या गुंतागुंतीचं बिल पेन्शनमधून भरलं आणि मग मला विचारलं.

एक लक्षात असू द्या, पाच लाख हे कुटुंबाला मिळून आहेत, माणशी नाहीत. एका वर्षात सासऱ्यांच्या बायपासला आणि सुनेच्या ऑपरेशनला ते एकाच खात्यातून जाणार.

२. रेशनकार्ड आणि आधार शेजारी शेजारी ठेवून वाचा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर घरातल्या प्रत्येकाचं आधार रेशनकार्डाशी ताडून बघा. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, जन्मसाल. काना-मात्रा सोडू नका. मला सापडलेले घोळ साधारण असे:

घरचं नाव आणि कागदावरचं नाव. बाबू-बाबुराव, दाजी-दाजीबा, शेवंता-शेवंती. जुनं रेशनकार्ड हातानं लिहिलेलं, लिहिणाऱ्यानं कानाला लागलं ते लिहिलं.

लग्न झालेल्या बाईचं नाव. आधारवर माहेरचं नाव, रेशनवर सासरचं. किंवा त्याहून वाईट म्हणजे रेशनवर नावच नाही, कारण माहेरच्या कार्डातून ते कमी केलेलं नाही. आधी माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो, मग सासरच्या कार्डात नाव चढतं. आमच्या एका वहिनीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, दोन मुलं शाळेत जातात आणि त्या अजून देवगडच्या माहेरच्या कार्डावर होत्या.

चाकरमानी. घर गावाला, कार्ड गावाला, माणूस लालबाग नाहीतर विरारला. काहींची नावं दोन्हीकडे होती, मग पडताळणीत एकीकडून उडाली आणि त्यांना पत्ताच नाही. काहींनी गावच्या कार्डातून नाव काढून घेतलं आणि मुंबईच्या रेशनिंग ऑफिसात चढवायचं राहून गेलं, म्हणजे ते कुठेच नाहीत. चतुर्थीला सगळे घरी येतात तेव्हाच हे तपासून घ्या, म्हणजे आधारचा ओटीपी येणारा मोबाइलही घरातच असतो.

लहान मुलं. जन्मदाखला फाइलीत, मूल सहा वर्षांचं, रेशनवर नोंद नाही.

जन्मतारीख. ज्यांना तारीख ठाऊक नव्हती अशा बऱ्याच म्हाताऱ्यांच्या आधारवर १ जानेवारी आहे. तारखेचं एक वेळ चालून जातं, साल चुकलं की अडतं.

दुरुस्ती कुठे करायची? माझ्या अनुभवात आधार बरोबर असेल तर ते तसंच ठेवावं आणि रेशनकार्ड आधारप्रमाणे करून घ्यावं. तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज आणि आधारची झेरॉक्स दिली की काम होतं, दोन-तीन खेपा होतात इतकंच. आधारच चुकीचं असेल तर मात्र आधार केंद्र गाठावं लागतं आणि पुरावे जमवावे लागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून ते आज सुरू करा.

आणखी एक. रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर मिळवून कार्डाच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा. जुन्या कार्डांवर तो छापलेला नसतो. रास्त भाव दुकानदार मशीनवर बघून सांगतो. त्याच वेळी ऑनलाइन कुणाकुणाची नावं दिसतात तेही विचारा. कागदावर सात माणसं आणि मशीनवर पाच, असं आमच्याच घरी निघालं. हॉस्पिटल मशीनवरची पाच धरतं.

आणि कृपा करून रेशनकार्ड लॅमिनेट करू नका. पावसाळ्यात बुरशी धरते, वाळवी लागते, सगळं मान्य. पण लॅमिनेट केलं की त्यावर पुढची नोंद करता येत नाही. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धान्याच्या पेटीत ठेवा, भिंतीला टेकून ठेवलेल्या कपाटात नको.

३. आयुष्मान कार्ड काढा

कार्ड मोबाइलवर आयुष्मान ॲपमधून काढता येतं. नाही जमलं तर आपले सरकार केंद्र, सीएससी म्हणजे सामायिक सेवा केंद्र, किंवा गावच्या आशाताई. राज्य महाराष्ट्र, योजना निवडा, बारा अंकी नंबर टाका, घरातली नावं दिसतात, एकेकाची आधारवरून ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करा. मंजुरी आली की कार्ड डाउनलोड होतं. प्रत्येक माणसाचं वेगळं कार्ड, घराचं मिळून एक नव्हे.

इथे तीन सापळे आहेत.

पहिला, आभा. ‘आभा कार्ड’ म्हणजे चौदा अंकी आरोग्य ओळख क्रमांक. त्यात तुमचे रिपोर्ट जोडले जातात. त्यानं उपचार फुकट होत नाहीत. केसपेपर काढताना बऱ्याच ठिकाणी तो काढून देतात आणि लोक समजतात आपलं कार्ड झालं. आमच्या वाडीत चार जणांनी मला आभा दाखवून “माझा झाला” म्हणून सांगितलं.

दुसरा, रेशनची केवायसी. दुकानात मशीनवर अंगठा लावून जी ई-केवायसी केली, ती धान्यासाठी. आयुष्मानची वेगळी. “एकदा केलंय ना” म्हणून सोडू नका.

तिसरा आपल्याकडचा खास, बोटांचे ठसे. काजूच्या कारखान्यात बसणाऱ्या बायकांची बोटं चिकानं काळी पडतात, साल जाते. चिरेखाणीवरचे, सुपारी सोलणारे, जाळी ओढणारे, सगळ्यांची तीच गत. माझ्या मामीनं मशीनवर दहाही बोटं लावून बघितली, साबणानं धुऊन, खोबरेल लावून, पुसून परत. केंद्रातला पोरगा म्हणाला, आठ दिवसांनी या. आठ दिवसांनी काय नवीन बोटं येणार? मग आधारच्या ओटीपीनं दोन मिनिटांत झालं. चेहरा दाखवूनही केवायसी करता येते, बुबुळावरूनही होते. ठसा उठला नाही म्हणून परत पाठवत असतील तर हे पर्याय तुम्हीच सुचवा.

ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. नंबर जोडायला पोस्टातला पोस्टमनही चालतो, पुष्कळ गावांत तो घरी येऊन करून देतो. त्याला विचारा.

कार्ड काढायचे पैसे लागत नाहीत. केंद्रवाला प्लॅस्टिकवर छापून देण्याचे घेत असेल तर ते छपाईचे. साधा प्रिंटही चालतो.

आणि कार्ड नसताना माणूस आजारी पडला तर? घाबरू नका. फुले योजनेत वैध रेशनकार्ड आणि फोटो ओळखपत्रावरही काम होतं. रेशनकार्डच नसेल तर अधिवास प्रमाणपत्र चालतं. कार्ड असलं की टेबलावरचा वेळ वाचतो आणि नावाचा घोळ आधीच उघड होतो. माझ्या मते कार्डाचा खरा उपयोग हा दुसरा.

४. सत्तरीच्या पुढचे: वय वंदना

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्न विचारत नाहीत, रेशनकार्डाचा रंग विचारत नाहीत, आधार पुरतं. घर आधीच आयुष्मान भारतात असेल तर म्हाताऱ्यांना त्यांचे वेगळे पाच लाख मिळतात, घरातल्या बाकीच्यांच्या वाट्यातून जात नाहीत. घरात आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ते पाच लाख दोघांत मिळून.

वय आधारवरून धरतात. आजोबा ऐंशीचे आणि आधारवर अडुसष्टचे असं असेल तर पायरी दोनकडे परत जा.

आंबोली, चौकुळ, गेळे भागातल्या माजी सैनिकांसाठी महत्त्वाचं म्हणजे ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, असेल तर तेच ठेवायचं की वय वंदना घ्यायचं, यातलं एक निवडावं लागतं. आमच्या ओळखीच्या सुभेदारकाकांनी ईसीएचएस ठेवलं. मला तो निर्णय पटला, कारण त्यांना महिन्याची औषधं तिथून मिळतात आणि आयुष्मान हे दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. खाजगी मेडिक्लेम असेल तर अशी अडचण नाही, दोन्ही चालतात.

५. एक पिशवी तयार ठेवा

रेशनकार्ड मूळ आणि दोन झेरॉक्स. प्रत्येकाचं आधार आणि झेरॉक्स. आयुष्मान कार्डांचे प्रिंट. लहान मुलांचे जन्मदाखले. जुने रिपोर्ट, ईसीजी, सोनोग्राफी, अँजिओची सीडी, चालू गोळ्यांची चिठ्ठी. पासपोर्ट फोटो चार. बँक पासबुकाची झेरॉक्स. सगळ्याचे फोटो काढून घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा, त्यातला एक मुंबईच्या माणसाचा असू दे.

अपघात, साप चावणं, विषबाधा असेल तर पोलिसांकडचे कागद लागतात. ते हॉस्पिटलातूनच सुरू होतात, फक्त त्याची प्रत मागून घ्या. भाताच्या कापणीत आणि काजूच्या हंगामात आपल्याकडे साप चावायच्या केसेस काही कमी नसतात.

६. हॉस्पिटल बघताना बोर्डावर जाऊ नका

दारावर योजनेचा बोर्ड आहे म्हणजे सगळं फुकट असं नाही. प्रत्येक हॉस्पिटल ठरावीक विभागांसाठी यादीत असतं. एखाद्या ठिकाणी हाडांचं होतं, हृदयाचं होत नाही. म्हणून निघायच्या आधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० ला फोन करून अमुक हॉस्पिटल, अमुक आजार असं दोन्ही सांगून विचारा. आयुष्मानचा नंबर १४५५५. फोन लागायला वेळ लागतो, लावत राहा.

यादीतले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. ते खाजगीत करायला गेलात तर योजनेत बसत नाहीत आणि हे तिथे दाखल झाल्यावर कळतं. जिल्हा रुग्णालय; ओरोस, रत्नागिरी आणि अलिबागची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं; चिपळूणजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय, हे आधी विचारून बघा. लोक नाक मुरडतात, पण आमच्या काकांची बायपास टाळायचा सल्ला एका सरकारी डॉक्टरनंच दिला होता आणि तो बरोबर ठरला.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार असेही मोफत आहेत, त्याला कुठलं कार्ड लागत नाही. तो निर्णय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांसाठी नव्हता. जिथे जिल्हा रुग्णालय महाविद्यालयाला जोडलंय तिथे खिडकीवर नीट विचारून घ्या.

आता गोवा. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या माणसाचं मन आपोआप बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजाकडे वळतं. आमच्या आधीच्या पिढीनं ‘मेडिकल’ म्हणजे तेच ओळखलं. पण जानेवारी २०१८ पासून तिथे परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागतं आणि गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य योजना गोंयकारांसाठी आहे. आपल्या कार्डाचं काय? तुमचं नाव केंद्राच्या यादीत, म्हणजे २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून आलेल्या आयुष्मान भारतच्या यादीत असेल, किंवा वय वंदना असेल, तर ते राज्याबाहेरच्या यादीतल्या रुग्णालयांतही चालतं. नुसत्या रेशनकार्डावर फुले योजनेत आलेल्या घरांना ती सोय नाही. दोन्ही कार्डं एकसारखी दिसतात, म्हणून १४५५५ ला विचारूनच गाडी सीमेपलीकडे घाला.

राज्यात मात्र जिल्ह्याची अट नाही. कणकवलीच्या रेशनकार्डावर परळच्या केईएममध्ये उपचार होतात. मुंबईला न्यायचं असेल तर इथल्या डॉक्टरची संदर्भ चिठ्ठी घ्या, म्हणजे तिथे सगळ्या तपासण्या पहिल्यापासून करत नाहीत.

७. रात्री-अपरात्री

१०८. गाडी फुकट, बरोबर डॉक्टर असतो. खाजगी ॲम्ब्युलन्सचे पैसे योजना देत नाही. घाटातून कोल्हापूरला नेताना लोकांनी त्यातच आठ-दहा हजार घातलेत.

कागद शोधत थांबू नका. तातडीच्या केसला फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू होतात, कागद मागाहून देता येतात. फक्त दाखल करताना पहिल्याच वाक्यात सांगा, “योजनेतून करायचंय, आरोग्यमित्राला बोलवा.” एकदा पैसे भरून दाखल झालात की मागे येणं कठीण जातं.

रस्ते अपघातासाठी वेगळी तरतूद आहे, एक लाखापर्यंत. महामार्गाची आपल्याकडची अवस्था बघता हे ठाऊक असलेलं बरं.

८. आरोग्यमित्राच्या टेबलाशी

प्रत्येक यादीतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतो. त्याच्याशी चांगलं बोला. तो सरकारचा जावई नाही आणि तुमचा शत्रूही नाही. कमी पगारात दिवसभर शिव्या खाणारा पोरगा किंवा पोरगी असते. काकांच्या वेळी त्यानंच मला तहसीलमध्ये कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगितलं.

तो कागद तपासून नोंदणी करतो, रुग्णाचा खाटेवरचा फोटो घेतला जातो, रिपोर्ट चढवले जातात आणि मंजुरीसाठी पाठवतात. याला ते ‘प्री-ऑथ’ म्हणतात. मंजुरी येईपर्यंत रोज दोनदा टेबलाशी जाऊन तीनच प्रश्न विचारायचे: पाठवलं का? शंका आली का? शंकेला उत्तर गेलं का? आमच्या वेळी वरून अँजिओच्या सीडीबद्दल शंका येऊन दीड दिवस पडून होती. हॉस्पिटलच्या बिलिंगवाल्यानं ती उघडलीच नव्हती. मी विचारलं नसतं तर अजून दोन दिवस गेले असते. नोंदणी क्रमांक स्वतःच्या वहीत लिहून घ्या, हेल्पलाइनला तोच लागतो.

ओपीडीची तपासणी आणि घरी खायची रोजची औषधं यात येत नाहीत. दाखल झाल्यावरच्या पॅकेजमध्ये मात्र तपासण्या, औषधं, ऑपरेशन, इम्प्लांट, रुग्णाचं जेवण हे सगळं धरलेलं असतं.

९. पैसे मागितले तर

मागतात. सगळीकडे नाही, पण मागतात. वाक्यं ठरलेली असतात. “योजनेतला स्टेंट साधा असतो, चांगला हवा तर वरचे भरा.” “अप्रूव्हल येईपर्यंत डिपॉझिट ठेवा, परत मिळेल.” “ही औषधं बाहेरून आणा.”

स्टेंटचं मला थोडं सांगायचंय, कारण तिथेच माणूस हळवा होतो. काका आयसीयूत, बाहेर कोऱ्या चेहऱ्याचा एक माणूस काकींना हलक्या आवाजात सांगत होता की साठ हजार वर भरले तर “परदेशी” मिळेल. काकी गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावून माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, लिहून द्या. तो माणूस पुन्हा दिसला नाही. स्टेंटच्या किमतीवर केंद्रानं फेब्रुवारी २०१७ पासून कमाल मर्यादा घातलेली आहे, आणि योजनेत मंजूर झालेल्या उपचाराच्या वर फरक म्हणून पैसे घेता येत नाहीत.

म्हणून भांडू नका, “लिहून द्या” म्हणा. पैसे द्यावेच लागले तर पावती घ्या, बाहेरून आणलेल्या औषधांची बिलं रुग्णाच्या नावानं घ्या. मग आधी आरोग्यमित्र, त्यानं नाही ऐकलं तर योजनेचा जिल्हा समन्वयक आणि हेल्पलाइनवर तक्रार. तक्रार क्रमांक मागा. पावती असेल तर पैसे परत मिळाल्याची उदाहरणं मी स्वतः बघितली आहेत, पावती नसेल तर एकही नाही.

१०. घरी सोडताना

डिस्चार्जच्या वेळी काही कागदांवर सही घेतात, त्यात “माझ्याकडून पैसे घेतले नाहीत” असं असतं. घेतले असतील तर सही करू नका, किंवा रक्कम लिहून सही करा. कोऱ्या कागदावर अंगठा तर अजिबात नाही.

डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची औषधं आणि फेरतपासणी पॅकेजमध्ये असते, परतीचं एकवेळचं भाडंही. हे दोन्ही न मागता क्वचितच मिळतं. एसटीचं भाडं ते कितीसं, पण आमच्या काकांनी ते घेतलंच आणि येताना त्याच पैशांनी नारळ घेऊन देवळात ठेवला.

११. योजनेत बसलंच नाही तर

मुख्यमंत्री सहाय्यता निधीला अर्ज करता येतो. हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट लागतात. पूर्वी त्यासाठी मंत्रालय गाठावं लागायचं, आता जिल्हाधिकारी कार्यालयात कक्ष आहे. बिल भरून झाल्यावर अर्ज करून उपयोग नाही, उपचार चालू असताना करा.

मुंबई-पुण्यात असाल तर धर्मादाय रुग्णालय आहे का बघा. कायद्यानं त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. तिथल्या समाजसेवकाला भेटा. “खाटा भरल्यात” म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांकडे विचारता येतं.

उत्पन्नाचा दाखला निघायला दिवस लागतात, म्हणून तोही आधी काढून पिशवीत टाका. काकांची पिशवी आता दारामागच्या खुंटीला, साडीच्या दुकानाच्या जाड पिशवीत टांगलेली असते. त्यांचं रेशनकार्ड आधारप्रमाणे दुरुस्त झालं, आता दोन्हीकडे ‘बाबू’. परवा लग्नपत्रिकेत मुलानं ‘बाबुराव’ छापून आणलं, तर काकीच म्हणाल्या, “आता ह्या नि खंय दुरुस्त करूचा?”